बारा दिवसांचा भाचा

सासरे कोरोनाची लस घेईपर्यंत सासूबाई घेणार नव्हत्या, आणि सासूबाईंना जुना दमा. मी कोंढ्याची आशा सेविका. अर्ध्या गावाला हातापाया पडून केंद्रावर नेलं, आणि माझ्याच घरी सासरे यादोराव खाटेवर पाय पसरून म्हणत होते, "माह्या आंगात रोग शिरतेच कसा? मी का धरमशाळा हाओ?"

माझं डोकं सणकलं.

"बाबा, विषाणूच्या आंगावर प्रथिनांचे काटे रायतेत. आपल्या पेशीच्या दारावर खाचा रायतेत. त्या खाचेत काटा बरोबर बसला, का पेशी सोताच त्याले आत घेते. मंग हा आयतोबा तिच्याच चुलीवर आपल्यासारखे हजार तयार करून घेते."

"पेशी का येडी-बह्याड हाये?"

"बह्याड नाही, तुमच्यासारखी हाये. तो भाचा आठोते?"

तीन वर्षांपूर्वी एकजण दारात आला. 'जयभीम मामा' म्हणाला आणि सासऱ्यांच्या वारलेल्या बहिणीचं नाव घेतलं. ती गेल्यापासून त्या घरचं कोणी फिरकलं नव्हतं. सासरे विरघळलेच. पाहुणा बारा दिवस राहिला, वर चार दोस्त बोलावले, आणि तांदळाची कोठी रिकामी करून सगळे पसार झाले. असा कोणी आमच्यात नाहीच, असं बहिणीच्या घरच्यांनी वरठीहून कळवलं, तरी यादोराव मानायला तयार नव्हते.

"जयभीम आन् बहिणीचं नाव," मी म्हणाले, "बसले ना काटे बरोबर? लस म्हंजे त्या काट्याची आधीच करून देल्ली ओळख. मंग शरीर त्याले दारातच धरते."

ते उठून निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण माफी काही मी मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी सासू-सासरे दोघं केंद्रावर हजर. सिस्टरपुढे बाही वर करत सासरे सगळ्या रांगेसमोर म्हणाले, "तो भाचा नोयता."

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"मंग बोलली काहून नाही?"

"बहिणीच्या गोष्टी सांगू सांगू तुमी हासून राहिले होते. म्हनून रांधत राहिली."

यादोराव ढसाढसा रडायला लागले.

"आजोबा," सिस्टर घाबरून म्हणाली, "सुई अजून टोचलीच नाही हो."