खंडेनवमीला विझवलेला क्लस्टर

थेरगावात आमच्या शेजारच्या रोहिदासनं तीन जुने संगणक जोडून क्लस्टर मांडला, तेव्हा त्यांचे पंखे असे घोंघावले की डांगे चौकातली कबुतरं उलटी उडाली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

एक यंत्र मुकादम, बाकीची दोन गडी. प्रोग्रॅम डब्यांत भरून मुकादमानं वाटून द्यायचे, एखादा डबा पडला की दुसरा उभा करायचा. रोहिदास चाकणच्या कारखान्यात फिटर. त्याची लाइन दिवाळीला बंद होणार होती. साहेब म्हणाले होते, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालता क्लस्टर दाखव, संगणक विभागात घेतो. नाहीतर माझ्या हातात काही नाही, भाऊ."

पावसाळाभर वाचून वाचून त्याचे डोळे असे ताणले की घरात बसून आळंदीचा कळस दिसायला लागला. पण क्लस्टर चालला.

मग आली खंडेनवमी. कारखान्यात या दिवशी यंत्रं बंद करून, पुसून पुजतात. रोहिदासनं तिन्ही संगणक बंद केले, राउटरचीही वायर काढली, हळदकुंकू लावलं.

जयमाला, त्याची बायको, म्हणाली, "अवो, चालू ऱ्हायलं तर न्हाई का चालणार?"

"चालत्या यंत्राला कुणी हळद लावतं व्हय?"

दसऱ्याला सकाळी बटणं दाबली. पंखे घोंघावले, पण मुकादम उठेना. रोहिदासनं संगणकात काम करणाऱ्या मित्राला, कुलदीपला, फोन लावला. हे सगळं कुलदीपनंच शिकवलेलं.

"पूजेला क्लस्टर बंद केलास?" कुलदीप पोट धरून हसला. "राउटरनं सगळ्या यंत्रांना नेटवर्कचे नवे पत्ते दिले, भावा. क्लस्टरची ओळखपत्रं जुन्या पत्त्यांची. जुने आठवतात?"

"न्हाई."

"मग पुसून पहिल्यापासून मांड, राव."

सोनं वाटायला आलेल्या माणसांकडं न बघता तो मांडत बसला. घाईत मुकादम उठला, तर गडी जोडले जाईनात. गडी जोडले, तर डबे उभे राहीनात.

दुसऱ्या दिवशी तो तिन्ही संगणक घेऊन तसाच चाकणला गेला. साहेबांच्या खोलीतल्या सर्व्हरलाही झेंडूचा हार होता. सर्व्हर चालू होता. साहेबांनी रोहिदासच्या पडद्यावरच्या चुकांच्या लाल ओळी पाहिल्या आणि घड्याळ पाहिलं.

घरी आल्यावर जयमालानं विचारलं, "काय म्हणाले?"

"ये म्हणाले," रोहिदास बूट काढत बोलला. "दिवाळीपतोर."