वाळल्या शिंगाड्यांवर पाणी

ओलावा मोजायच्या यंत्राने सतरा टक्के दाखवले. परवा नऊ होते. यंत्र पुसून पुन्हा मोजलं. सतराच.

"जमुनामावशी, या पोत्यांना काय केलं?"

"का करन? शिंगाडे सुकून राहिले होते, म्हून पानी मारलं. दोन दिवसांपासून मारून राहिली."

बोदलकशाच्या तळ्यातून काढलेल्या ओल्या शिंगाड्यांवर जमुनाबाई जन्मभर पाणी मारत आल्या आहेत. नाही मारलं तर ते काळे पडतात. पण हे शिंगाडे आम्ही मुद्दाम सोलून आठ दिवस उन्हात वाळवले होते. आमच्या बचत गटातल्या अकरा बायकांचा माल आजवर ताजाच, विमानाने लंडनला जायचा. यंदा तिथल्या दुकानदाराने कळवलं : विमानाचा धूर नको, जहाजाने पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीकडून घेऊ. गटाचा व्यवहार मीच बघते, म्हणून हिशेब मांडला. ताज्या शिंगाड्यात साल आणि पाणीच जास्त. म्हणजे आपण विमानातून पाणीच पाठवत होतो. वाळवून जहाजाने पाठवले तर कार्बन पन्नास पटींहून जास्त घटतो.

"महिनाभराच्या प्रवासात बुरशी धरेल, मावशी."

"त विमानानं धाड."

"तेच तर नको आहे त्यांना."

"काऊन? विमान त तसंबी उडतेच. आमच्या चार बोऱ्यांनं का त्याले जास्त तेल लागते?"

"लागतं. थोडं. आणि सगळेच असं म्हणतात, म्हणून आणखी एक विमान उडतं."

"मंग त्या दुकानदारालेच सांग, पायी ये अन् तळ्यावर बसून खा म्हना."

बाया खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. ट्रक दारात उभा होता. वाळवा, हे मी दहा वेळा सांगितलं होतं. वाळल्यावर पाणी मारू नका, हे एकदाही नाही. एमएस्सीत असं वाक्य कुणी शिकवत नाही.

ट्रक रिकामा परत पाठवला. जे घडलं तेच लंडनच्या दुकानदाराला लिहिलं. उत्तर आलं : पुढचं जहाज चालेल, त्यानंतर नाही.

शिंगाडे पुन्हा ताडपत्रीवर पसरले. नेमकं आभाळ आलं. दिवसभर उलथपालथ करून यंत्र चौदावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तर जमुनामावशी भरला लोटा घेऊन ताडपत्रीकडे निघालेल्या.

"मावशी!"

त्या थबकल्या. लोट्याकडे पाहिलं. "हात आपोआपच जाते वो, पोरी."

मी लोटा घेतला आणि तिथेच उभ्याने सगळं पाणी पिऊन टाकलं.