तांबडीचा डावा पाय

घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांच्या तबेल्यात कुरकुर चालत नसे. मुलांची नाही आणि घोड्यांचीही नाही. दुखतंय म्हणणाऱ्याने घरी बसावं, असं ते पहिल्याच दिवशी सुनावायचे. पालकांनाही तेच भारी आवडायचं, हे विशेष!

स्पर्धा उद्यावर आली होती. मास्तरांची लेक तांबडी नावाच्या घोडीवर बसून अडथळे ओलांडणार होती, आणि नेमकी आज दुपारी तांबडी लंगडायला लागली. पुढचा डावा पाय टेकला की तिची मान वर उडायची. खुराच्या वरचा सांधा हाताला गरम लागत होता.

स्पर्धेआधी जनावरांचे डॉक्टर प्रत्येक घोडा फरशीवर पळवून बघत आणि लंगडणाऱ्याला परत पाठवत. वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार! मग मास्तरांना एक जुनी, वाईट युक्ती आठवली. त्यांनी म्हाताऱ्या नालबंदाला बोलावलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की उजव्या, चांगल्या खुरात एक खिळा जरा आत, मांसाला लागेल असा ठोका. दोन्ही पाय सारखे दुखले की चाल सरळ दिसते. उद्या उड्या झाल्या की काढून टाकू.

नालबंदाने हातोडी खाली ठेवली.

"हे मी एकदा केलंय, मास्तर. घोडा तपासणीत पास झाला. तिसऱ्या उडीला पुढचे दोन्ही पाय दुमडले. वरचा माणूस पुन्हा उभा राहिला नाही. लंगडणं म्हणजे मुक्या जनावराची तक्रार असते. हा तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला. आणि उद्या वर बसणार कोण? तुमचीच पोर."

मास्तर खवळले. माझ्या पोरीचं मला कळतं, म्हणत त्यांनी हातोडी स्वतःच उचलली. तांबडी कान मागे पाडून भिंतीला चिकटली.

तेवढ्यात लेक खोगीर घेऊन आत आली. ताठ, अगदी मापून पावलं टाकत. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पण नालबंदाचा जन्म पाय बघण्यात गेलेला. त्याने विचारलं, "पोरी, कुठला गुडघा?"

तिने आधी बापाकडे पाहिलं.

"दोन्ही, काका. तीन महिने झाले. आधी एकच दुखायचा. पण लंगडलं की बाबा चिडतात, म्हणून सगळा भार दुसऱ्यावर टाकत गेले. आता दोन्ही दुखतात. आता लंगडत नाही मी."

तीन महिने! रोज डोळ्यांसमोर वावरणारी पोर, आणि बापाला पत्ता नाही! मास्तरांच्या हातातून हातोडी गळून पडली. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या पायाला हात लावला. सांधा सुजलेला होता, गरम होता. त्यांना रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्पर्धेला गेले नाहीत. तांबडीला मऊ गवतावर मोकळं सोडलं आणि लेकीला दवाखान्यात नेलं. गुडघे पहिल्यासारखे होतील का, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते. उशीर झालाय, एवढंच ते म्हणाले.

मंडळी, आपल्या घरात, कचेरीत, वर्गात कुणी लंगडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुखतंय असं म्हणायला तिथे कुणी घाबरत नाही ना, हे आधी बघा. सरळ चालणाऱ्या माणसालाही एकदा थांबवून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा.