बुजवलेली भोकं

प्लास्टिकच्या त्या जाळ्या पाहूनच गवंड्याचं डोकं फिरलं. मधाच्या पोळ्यासारखी नुसती भोकंच भोकं, आणि म्हणे यावरून चाकाची खुर्ची जाणार. वर्षभर खोलीत अडकलेल्या म्हाताऱ्या बापाला कुणाची मनधरणी न करता फाटकापर्यंत जाता यावं, म्हणून त्याच्या मुलीने त्या मागवल्या होत्या. अंगणाचा उतार घराकडे, तेव्हा पाणी जागच्या जागी मुरलं पाहिजे. खाली वीतभर खडी, वर जाळी, भोकांत बारीक खडी, असं तिने दोनदा बजावलं. गवंड्याने मान डोलावली आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं बडवणारी बाई, आणि त्याला अंगण शिकवत होती.

त्यात म्हातारा त्याचाच उस्ताद. ज्याने थापी धरायला शिकवलं त्याच्या दारात भोकं ठेवून जायचं? लोक तोंडात शेण घालतील. मुलगी कामावर गेली, उस्ताद आत डुलक्या घेत होता, आणि या शहाण्याने एकूण एक भोक सिमेंटने बुजवून टाकलं. वर थापीने घोटून गुळगुळीतही केलं, अगदी मन लावून. मग कमरेवर हात ठेवून स्वतःच्याच कामावर खूश होत बसला.

तीन दिवसांनी गवंड्यासमोरच मुलीने फाटकाशी पाण्याचा पाइप सोडून पाहिला. पाणी मुरायचं नाव घेईना. ते गुळगुळीत अंगणावरून ऐटीत उतरलं, दारातून आत शिरलं आणि खुर्चीच्या चाकांखाली पसरलं. मुलीने पाइप बंद केला. मग ती फरशी पुसायचं फडकं आणायला गेली.

कामात खोट नाही, जाळीच भिकार आहे, असं गवंडी तरीही सांगत राहिला. उस्तादाने आधी पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हात तुझा पहिल्यापासून चांगला," तो म्हणाला. "कान नव्हते. ते अजून आले नाहीत."

गवंड्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने मुकाट्याने छिन्नी लावली, तर पहिल्याच घावाला सिमेंटबरोबर जाळीही तडकली. सगळंच उखडावं लागणार होतं, नवी जाळी मागवावी लागणार होती. महिनाभर तरी लागेल, असं तो खाली मान घालून पुटपुटला.

"महिना तुझ्याकडे असेल," उस्ताद म्हणाला, आणि ओली चाकं फिरवून पुन्हा खोलीत गेला.