डोक्यावर बसलेला र

"आचार्य प्रवचन किती वेळ करतात हो?" माटुंग्याहून एका बाईंचा फोन आला, तेव्हा गंगाधर आचारी हातातला झारा तसाच धरून उभे राहिले.

"प्रवचन? ताई, मी जिलब्या करतो!"

तिकडून फोन ठेवला गेला. आठवड्यातला हा तिसरा. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि आजवर दुसऱ्याच्या हाताखाली राबलेले गंगाधर यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर कामं घेणार होते.

वेबसाइट केली होती त्यांच्या लेकीनं, नववीतल्या प्राचीनं. लालबागच्या खोलीत, जुन्या टॅबवर, त्यावर चालणाऱ्या एकुलत्या एक फुकट कोडिंग टूलमध्ये. 'आमच्या आचाऱ्यांना बोलवा' असं तिनं लिहिलं की दिसायचंही झक्कास. पण सेव्ह केलं रे केलं, की 'ऱ्या'मधला तो वाकडा र टुणकन उडी मारून 'या'च्या डोक्यावर बसायचा. 'आमच्या आचार्यांना बोलवा!'

प्राचीनं टूलवाल्यांच्या फोरमवर तक्रार टाकली. तिथला नियम असा, की बाण दाबून पंचवीस जणांनी मत दिलं, तर ती तक्रार आधी हातात घ्यायची. एक मत प्राचीचं, एक तिच्या मैत्रिणीचं, मेघनाचं. संपलं.

"मतंच हवीत ना? मग आपली चाळ कशाला हा गो?" बाबांनी चाळीच्या ग्रुपवर लिंक टाकली.

संध्याकाळपर्यंत तक्रारीखाली एकतीस कमेंट! 'गंगाधरशेठच्या मसालेभाताला तोड नाही.' 'प्राचीला प्रचंड मतांनी विजयी करा!' आणि मतं? दोनच. बाण कुणी दाबलाच नव्हता!

फोरम सांभाळणाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, "ही जाहिरात आहे का? तक्रार बंद करावी लागेल."

"मेलो. डिलीट मार," मेघना म्हणाली.

"अजिबात नाही!" प्राची म्हणाली आणि स्वतःच दचकली. पण बोटं थांबली नाहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं लिहिलं: 'सॉरी. ही माझ्या चाळीतली माणसं आहेत. काय टाइप करायचं, सेव्ह केल्यावर काय होतं, सगळं खाली दिलंय. करून बघा. पहिला शब्द म्हणजे स्वयंपाकी, दुसरा म्हणजे गुरू. लोक माझ्या बाबांना प्रवचनाला बोलावतायत. त्यांना फक्त जेवण करता येतं. पण ते खूप छान येतं.'

सकाळी टॅब उघडला तर मतं एकोणचाळीस! काठमांडूच्या एकानं लिहिलं होतं, 'आमच्या नेपाळीतही असंच मोडतं, बरं झालं सांगितलंस.' फिनलंडच्या बाईंना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्यांनी करून बघून बाण दाबला होता. आणि चाळीनंही, मेघनानं दारोदार जाऊन शिकवल्यावर.

बाराव्या दिवशी नवी आवृत्ती आली. प्राचीनं सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आचाऱ्यांना! ती ओरडली तेव्हा शेजारचे धावत आले.

बाबांनी ते पान दोनदा वाचलं, मग डोळे पुसले. "कोण कुठली माणसं गो ही! माझ्यासाठी बसली. त्यांना लिही, मुंबईक इलात तर जेवल्याशिवाय जायचं नाय."

प्राचीनं तसंच लिहून पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "आम्ही टीममध्ये नऊ जण आहोत. चालेल?"

"नऊ?" बाबा हसायलाच लागले. "त्यांका सांग, शंभराच्या खाली माका अंदाजच येत नाय. घरच्यांकाय घेऊन या!"