दुसऱ्यांदा कुणी विचारेना

घरमालकीणबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं, बटाट्याच्या सूपची वाफ थेट माझ्या नाकात शिरली, आणि त्यांनी विचारलं, "घेणार?"

आदल्या दिवसापासून मी प्रवासात होते. विमानात मिळालेला पाव शेजारच्या बाळाने खाली पाडला होता. पोटात कावळे ओरडत होते. म्हणून मी अतिशय गोड हसून म्हणाले, "नको, नको. राहू दे."

त्यांनी झाकण परत ठेवलं.

मी वाट बघत राहिले. आता त्या म्हणणार, 'असं कसं, थोडं तरी घे.' मग मी म्हणणार, 'बरं, अगदी चमचाभर.' मग त्या वाडगा काठोकाठ भरणार आणि मी 'अहो, बास, बास' करत तो चाटूनपुसून संपवणार. आमच्याकडे पाहुणे असेच जेवतात. बाईंनी मात्र स्वतःचा वाडगा भरला, माझ्यासमोर बसून शांतपणे संपवला, पातेलं फ्रिजमध्ये सारलं आणि माझ्या हातात खोलीची किल्ली ठेवली.

मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली होती. ते मी तत्काळ मागे घेतलं.

मी त्या देशात भाषा शिकायला गेले होते. अगदीच कोरी पाटी घेऊन नव्हे. घरी एका निवृत्त मास्तरांनी मला तीन वर्षं पिदडलं होतं, आणि त्यांच्या मते मला शाळेत वरचा वर्ग सहज मिळायला हवा होता. वरचा वर्ग मिळाला की वर्षअखेरीला दुभाषी होण्याच्या अभ्यासक्रमाचं दार उघडत होतं. खालचा मिळाला तर वर्षभर अक्षरं गिरवायची, शिष्यवृत्ती संपली की घरी परत यायचं आणि काकांच्या नळांच्या दुकानात बसायचं. काकांनी माझ्यासाठी खुर्चीवर नवी गादीसुद्धा करून घेतली होती. नळांशी माझं वैर नाही. पण जन्मभर गिऱ्हाइकांना तोट्या फिरवून दाखवायच्या, या विचारानेच माझ्या घशाला कोरड पडायची.

सोमवारी शाळेत मुलाखत झाली. चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई समोर बसल्या होत्या.

"तुम्हाला बोलता येतं?" त्यांनी विचारलं.

"कसलं येतंय! आपलं मोडकंतोडकं," मी त्यांच्याच भाषेत म्हणाले, आणि इतक्या सफाईने म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं.

"वाचता?"

"असंच, अडखळत."

"लिहिणं?"

"त्याबद्दल तर न बोललेलंच बरं."

आता त्या हसून म्हणणार होत्या, 'अहो, किती छान बोलताय!' मी लाजायच्या तयारीत बसले होते. बाई म्हणाल्या, "प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे," आणि मला तळमजल्यावर पाठवलं. वर्ग बदलायचा असेल तर शुक्रवारपर्यंत येऊन सांगा, एवढं मात्र त्या म्हणाल्या.

तळमजल्यावर भिंतीला मांजराचं चित्र होतं. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हे मांजर आहे." बुधवारपर्यंत मांजर टेबलाखाली गेलं. माझ्या बॅगेत त्याच भाषेतली जाडजूड रहस्यकथा होती, तिच्यात तिसरा खून होऊन गेला होता, आणि मी बसले होते मांजर शोधत. मला इतका संताप आला होता की मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होते. वर्गावरचे सर म्हणाले, "शाब्बास, तुमची प्रगती चांगली आहे."

जेवणाची रड चालूच होती. शाळेच्या कँटीनमध्ये वाढपी डाव उचलून विचारायचा, "अजून?" माझ्या तोंडून सवयीने "नको" निघायचं, आणि तेवढ्यात मागच्याचं ताट पुढे यायचं. संध्याकाळी घरी तोच प्रकार. आईने बांधून दिलेला खाऊ बुधवारी संपला. डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवत मी आईला फोन लावला.

"अगं, दुसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं," आई म्हणाली.

"मालकीणबाई दुसऱ्यांदा विचारतच नाही!"

"असं कसं विचारत नाही?" आईचा विश्वास बसेना. "घरंदाज दिसत नाही."

"मी पहिल्यांदाच हो म्हणू का?"

"काही नको. जन्मात जेवली नाही असं वाटेल तिला. लोक काय म्हणतील, आईने काही वळण लावलं नाही?"

लहानपणी काकूकडे गेलं की पहिला लाडू समोर आल्याबरोबर आईचे डोळे वटारलेले असायचे. ते डोळे आता सातासमुद्रापार फोनमधूनही मला दिसले. मी उपाशी झोपले.

गुरुवारी टेबलावर माझं ताटच नव्हतं. एकच वाडगा, एकच चमचा. मी दारातच थबकले.

"बस जरा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "माझ्या हातचं तुला आवडत नसेल तर सरळ सांग. रोज तुझ्यासाठी करते आणि रोज उरतं. दुसरीकडे खोली बघायची असेल तर बघ, मी अडवणार नाही."

मास्तरांनी शिकवलेली सगळी आदबशीर वाक्यं त्या क्षणी डोक्यातून उडून गेली.

"मला भूक लागलीय!" मी ओरडले आणि भोकाड पसरलं. "पहिल्या दिवसापासून लागलीय!"

"मग नको कशाला म्हणतेस?"

"म्हणायचं असतं! पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा थोडं म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. तुम्ही विचारायचं असतं! तुम्ही दुसऱ्यांदा विचारतच नाही!"

 त्या उठल्या, पातेलं घेऊन आल्या आणि माझ्यापुढे वाडगा भरला. "मी तीस वर्षं शहरात बस चालवली," त्या म्हणाल्या. "स्टॉप आला की दार उघडायचं. चढायचं असेल तो चढतो. नाही म्हणणाऱ्याला तीनदा विचारत बसले असते तर गाडी कधी पोचलीच नसती."

मी तोंड भरून सूप ओरपत होते.

"शाळेत पण असंच केलंस का?" त्यांनी अचानक विचारलं. "एवढं भांडलीस माझ्याशी, एकदा अडखळली नाहीस. आणि शाळेतून येऊन सांगतेस, आज शिकवलं, मांजर टेबलाखाली आहे."

चमचा माझ्या हातातच राहिला.

"उद्या शुक्रवार," मावशी म्हणाल्या. "दार उद्यापर्यंतच उघडं आहे."

शुक्रवारी मी चष्म्याच्या साखळीवाल्या बाईंसमोर उभी राहिले आणि तोंड उघडल्याबरोबर माझी जीभ जुन्या रस्त्याला लागली. "तसं मला काही विशेष..." तिथेच मी थांबले. काकांची नवी गादी डोळ्यांपुढे आली. "मला येतं," मी म्हणाले. "चांगलं येतं. मला वरच्या वर्गात बसायचंय." कान लालेलाल झाले. भर लग्नात पंगत बसायच्या आधी जिलबी उचलल्यासारखं वाटत होतं.

"मग सोमवारी तसं का सांगितलंत?"

मी सांगितलं. सूप, वाढपी, आईचे डोळे, मांजर, सगळं. बाई आधी खुर्चीला टेकून ऐकत होत्या, मग हसायला लागल्या, मग चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. मधूनमधून त्या प्रश्न टाकत होत्या आणि मी तावातावाने उत्तरं देत होते. हीच आपली परीक्षा चालली आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

"सोमवारी दुसऱ्या मजल्यावर या," त्या शेवटी म्हणाल्या. "एकच शंका राहिली. तुमच्याकडे एखाद्याला खरंच नको असेल, तर तो काय म्हणतो?"

घरी पोचेपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. 

संध्याकाळी टेबलावर दोन वाडगे होते. मावशींनी झाकण उचललं. "घेणार?"

"हो," मी म्हणाले. "भरून."

तो वाडगा संपवला, दुसराही मागून घेतला. वरचा वर्ग मिळाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर असा हात मारला, की चमचे उडाले. मग त्यांनी डाव उचलला.

"आता नको," मी म्हणाले. पोट तुडुंब भरलं होतं.

"थोडं?"

"नको, खरंच."

"अगं, असं कसं," मावशी म्हणाल्या. हे त्या दुपारभर घोकत बसल्या असणार. "चमचाभर तरी घे!" आणि तीस वर्षांत कुणासाठी दुसऱ्यांदा दार न उघडलेल्या त्या बाईने माझा वाडगा काठोकाठ भरला.

माझे डोळे भरून आले. सूप गरम होतं, पण तेवढ्याने नव्हे. मी सलवारीची नाडी सैल केली आणि तिसरा वाडगा संपवला.

जेवण झाल्यावर आईला फोन केला. वरच्या वर्गाची बातमी तिने ऐकली, आनंदाने शेजारणीला हाक मारून सांगितली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "जेवलीस का? त्या बाईने विचारलं किती वेळा?"

"तीनदा."

"बघ," आई म्हणाली. "घरंदाज आहे. मी म्हटलंच होतं."