दसऱ्याचे पाणी

इंजिन फिरवायचे हँडल हलले नाही. मेकॅनिक मुबारकचाचांनी दोन्ही हातांनी धरून ते पुन्हा एकदा दाबले आणि सोडून दिले. गारखेड्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अभय मोबाइलकडे पाहत राहिला, चाचा माझ्या इंजिनाकडे. खरे तर मीच ओरडायला हवे होते. पण गळाच गंजला असेल, तर ओरडायचे कशाने?

मित्रांनो, मी बासष्ट सालची एक काळी फियाट आहे. जुनी आहे, पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तेवढा ऐकून घ्या.

अभयचे वडील सुदर्शनराव मला दर रविवारी बिडकीनच्या शेतावर नेत. परतल्यावर पिवळ्या फडक्याने माझा धुरळा पुसत आणि तापलेल्या लेकराचे कपाळ पाहावे तसा बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहत. माझ्या आवाजातला बारीकसा खोकलाही मुबारकचाचांना ओळखू येई. सुदर्शनराव गेले, तेव्हा चाचांनी अभयला बजावले होते, "गाडी नाय चालवली तरी चालंल, पण महिन्यातून एकदा हँडल फिरवत जा."

अकरा वर्षांत ते एकदाही फिरले नाही.

पूजा मात्र कधी चुकली नाही! दर दसऱ्याला बॉनेट उघडून अभय पाइपने माझ्यावर पाणी मारी. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. ते लिंबू चिरडण्यापुरतेही मला कोणी पुढे घेतले नाही. माळा सुकत, फोटो उरत. मला देवी करून ठेवले, म्हणजे देणे संपले. देवीला तेल लागत नाही, देवीला श्वास लागत नाही.

आणि आता मी त्याला येत्या रविवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हवी होते. शेडबाहेर ट्रॅक्टर उभा होता. त्याचा दोर माझ्या पुढच्या बंपरला बांधून झाला होता.

"गिअरमध्ये टाकू अन् दोन हिसके देऊ," अभय म्हणाला. "जाम सुटंल."

"सुटणार नाय, तुटंल. आतल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या तर सीधा भंगार," चाचा म्हणाले. "दातखीळ बसलेल्या माणसाचं तोंड कुऱ्हाडीनं उघडता का, भाऊ? तेल सोडू द्या. आठ दिवस मुरू द्या. मग हळूहळू हलवू."

"आठ दिवस कुठून आणू? लई गोंजारू नका तिला, चाचा. लोखंडच आहे शेवटी."

लोखंड! होय, लोखंडच. म्हणून तर गंजले. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू हार घालून बसवलेली असेल. तिच्या पाया पडण्याआधी तिला एकदा चालवून पाहा. जे वापरायचे असते, त्याला नुसते पुजणे म्हणजे सावकाश मारणेच.

तेल सोडण्यासाठी चाचा इंजिनाचे स्पार्क प्लग काढू लागले. पहिला कुरकुरत निघाला, दुसराही. तिसऱ्या जागी वायरीखाली प्लगच नव्हता; काळपट चिंध्यांचा बोळा होता. पक्कडीने ओढताच त्यामागून गंजाचे तांबडे पाणी ओघळले. चाचांनी बोळा उलगडला. काजळीच्या घड्यांमधून पिवळा रंग दिसला.

"अभयभाऊ, दरसाल दसऱ्याचं पाणी इथूनच आत गेलं," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेबांचं फडकं हाय हे. कोणी कोंबलं इथं?"

मला ठाऊक होते. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर ज्याची मोटारसायकल बंद पडली होती, ज्याने माझा प्लग काढून तिला लावला होता, तो माझ्यासमोरच उभा होता.

अभय त्या फडक्याकडे बघत राहिला. मग वाकला, माझ्या बंपरचा दोर सोडला, आणि तो तसाच मातीत टाकून उन्हात निघून गेला.